सातव्या घरातला माणूस

६ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं, असं तू गणपतीत बजावलं होतंस. तुझा मोबाईल स्पीकरवरच चालतो आणि भिंतीपलीकडे तुझे दीर, जगदीशकाका राहतात, तेव्हा तुझं म्हणणं बरोबरच आहे. म्हणून हा कागद.

सोनालीचं लग्न वैशाखात ठरल्याचं भिसेगावहून आईने कळवलं. खूप आनंद झाला. पत्रिकेवरून तुमच्या घरात वाद चालू आहे, तेही तिनेच सांगितलं. सोनालीच्या बाबांच्या, मालोजीकाकांच्या नावाआधी श्री. छापायचं की कै., हाच ना वाद? काका सकाळच्या पाळीला म्हणून खोपोलीला गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हा सोनाली अंगणवाडीत होती. आज ती लग्नाला उभी आहे आणि आपल्याला अजून काही माहीत नाही. तू काय ठरवतेस याची मला सारखी काळजी वाटते.

माझं इथलं काम तू विचारलं होतंस. या ग्रंथालयात लॅटिन भाषेतलं एक हस्तलिखित आहे, सातशे वर्षांपूर्वीचं. ते वासराच्या कातड्यावर लिहिलंय. हात फिरवला तर एका बाजूला अजून केसांची मुळं लागतात. आत ग्रहांची कोष्टकं आहेत, ग्रहणांची चित्रं आहेत, आणि एक नागडा माणूस आहे. त्याच्या डोक्यावर मेंढा बसलाय आणि पायाशी मासे, कुठल्या अवयवावर कुठल्या राशीचा अंमल ते दाखवायला. ग्रह कसे फिरतात आणि ते फिरल्यामुळे आपलं काय होतं, दोन्ही एकाच पुस्तकात, आपल्या पंचांगासारखं. पण मधे कधीतरी कोणी ते उसवलं आणि पानं वाटेल तशी परत शिवली. चंद्राचं गणित रंगात आलेलं असताना एकदम शिरा कधी तोडाव्यात आणि रक्त कधी काढावं ते सुरू होतं. कुठलं पान कुठलं ते लावायचं काम माझ्याकडे आहे. सध्या तरी माझ्याच डोक्यातली पानं विस्कटली आहेत.

“तिकडच्या पुस्तकात गेलेल्या मानसाचं बगतात का गं?” असं तू विचारलं होतंस आणि मी हसले होते. आत्या, बघतात! सोबत एका पानाची प्रत पाठवते. निघून गेलेला माणूस जिवंत आहे की नाही हे पाहायला मांडलेली कुंडली आहे, आणि आपल्यासारखीच चौकोनी. ग्रहांच्या खुणा तुला कळायच्या नाहीत म्हणून मी पेन्सिलीने मराठी नावं आणि राशींचे आकडे लिहिलेत. आवडलं तर भिंतीवर लाव.

तुझी,
माधवी


खालापूर
२९ जानेवारी २०२५

चि. माधवीला सुंदराआत्याचा आशीर्वाद.

बाळ, तुझे उपकार मी कसे फेडू? मी आपली मोदकाची उकड मळता मळता बोलून गेले होते. तू हसलीस तेव्हा वाटलं, शिकलेली पोर, सोडून देईल. तू मात्र परमुलखात जाऊन माझा प्रश्न मांडलास आणि तिकडच्या जोशाकडून कुंडली काढून घेतलीस. आमच्याकडे कोणी हरवलं तर गुरुजी विचारल्या वेळेची कुंडली मांडतात, तशी तिकडेही मांडतात हे मला ठाऊक नव्हतं.

कागद घेऊन मी खोपोलीच्या गुरुजींकडे गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, कागद उन्हात धरला. म्हणाले, “बाई, ही कुणी मांडली? हात फार जुन्या वळणाचा आहे.” मी म्हटलं, माझी भाची मोठ्या पुस्तकांपाशी कामाला आहे. मग बोटाने एकेक घर मोजत त्यांनी सांगितलं, “कन्या लग्न. सातवं घर नवऱ्याचं. तिथे मीनेचा गुरू, म्हणजे स्वतःच्याच घरी बसलाय. माणूस आहे. पश्चिमेला आहे, पाण्याजवळ.”

मला खूप आनंद झाला.

तशीच शिळफाट्याला उतरून प्रेसवाल्याला सांगून आले, श्री. छापा. घरी आल्यावर जगदीशभावजींचं तोंड सुरू झालं. “वैनी, श्री छापशील आनि मांडवात लोकं इचारतील, श्री कुठं हाय? काय दावशील?” मी म्हटलं, पश्चिमेकडे बोट दाखवीन. सोनाली एवढंच म्हणाली, “आई, काय बी छाप, पन छाप एकदाची.” तिला बापाचा चेहरा आठवत नाही, तिच्याशी काय बोलायचं?

तिकडे थंडी फार असेल. कानाला बांधत जा.

तुझी आत्या


१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

थांब. आधी प्रेसवाल्याला थांबव, मग पुढचं वाच.

तुझं पत्र आल्या आल्या मी फोन केला, तर तू नुसती “बरी हाय, बरी हाय” म्हणत राहिलीस आणि मागे जगदीशकाका खोकत होते. शेवटी पत्रच लिहिणं भाग पडलं.

आत्या, ती कुंडली काकांची नाही. मी कुठल्या जोशाकडे गेले नाही. ते हस्तलिखितातलं जुनं पान आहे, तुला गंमत वाटेल म्हणून पाठवलं. सातशे वर्षांपूर्वी कोणी एक बाई त्या ज्योतिषाकडे आली होती. नवरा गेला तो परतला नाही, जिवंत आहे का, असं तिने विचारलं. ती कुंडली तिच्या प्रश्नाची आहे. काकांचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. चूक माझी आहे, मी नीट लिहायला हवं होतं.

आणि गुरुजींनी ती वाचली तीही चुकीच्या बाजूने. आपल्याकडे पहिलं घर वर असतं, तिकडे ते डाव्या हाताला असतं. म्हणजे कन्या लग्न नाही, धनु लग्न. गुरू गेला चौथ्यात, आणि सातव्यात येतात शनी आणि मंगळ. पण हे सगळं बाजूला ठेव, कारण मुळात ते पानच आपलं नाही. त्यावरून काहीही ठरवू नकोस. कळव लगेच.

माधवी


खालापूर
८ मार्च २०२५

चि. माधवी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग गुरुजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “प्रश्न तोच, विचारणारी बाईच, आणि कागद चालत तुमच्या दारी आला. तो तुमचा नाही असं कसं म्हणता?” मला ते पटलं. तुला पटणार नाही, राहू दे.

मग त्यांनी तू लिहिल्याप्रमाणे कागद फिरवला. “शनी-मंगळ एकत्र, सातव्यात. बाई, याच्यापुढे मी काही सांगत नाही,” असं म्हणून चहा मागवला. जोशी चहा मागवतो तेव्हा काय समजायचं ते मी समजले.

आता तूच सांग, मी काय करू? कागद सरळ धरला की माणूस पश्चिमेला बसलाय, फिरवला की मेलाय. ग्रह तेच, घरं तीच. तुमच्याकडे सूर्य डावीकडून उगवतो का? डाव्या बाजूचं खरं मानायचं की वरचं? प्रश्न मी खालापूरला विचारला, कागद तिकडचा. कुठली रीत लावायची? मी रात्रंदिवस हेच बोलते असं सोनाली म्हणते. परवा आमटीत मी दोनदा मीठ घातलं आणि भावजींनी मुकाट्याने खाल्ली, म्हणजे बघ माझा अवतार काय असेल.

प्रेसवाल्याकडे गेले तर त्याने हात जोडले. “काकी, बाकी सगला मजकूर जुलवून ठेवलाय. एक अक्षर अडलंय तुमचं. माझ्या पोराचं लगीन होईल तवर.”

आणि ती बाई कोण होती गं? तिला पोरं होती का? तिचा दीर होता का भिंतीपलीकडे? तिला जोशाने काय सांगितलं, तेवढं तरी बघून कळव. ती जशी वागली असेल तशी मी वागेन.

तुझी आत्या


२४ मार्च २०२५

प्रिय आत्या,

आठवडाभर मी तुझ्या त्या बाईच्या मागे आहे. इथले साहेब विचारतात, कोष्टकं सोडून एकाच पानावर काय बसलीस? त्यांना काय सांगणार, माझ्या आत्याचं लग्नघर अडलंय म्हणून?

सापडलं ते एवढंच. बाईचं नाव नाही. पोरं, दीर, काही नाही. कुंडलीच्या चौकोनात मधोमध लिहिलंय, “एका बाईने दूर गेलेल्या नवऱ्याविषयी विचारलं. ती तिसऱ्यांदा आली.” खाली उत्तर सुरू होतं, “मी तिला सांगितलं की”, आणि पान संपतं. पुस्तक नव्याने बांधताना कोणी तरी कडा सारख्या करायला खालची पट्टी कापून टाकली आहे. पुढचं पान म्हणून जे शिवलंय त्यावर भरती-ओहोटीची माहिती आहे. मी सगळी पानं उलटली, आत्या. तिचं उत्तर कुठेही नाही. आता मिळणारही नाही.

बाजूचं विचारशील तर, त्यांच्यासाठी डावी खरी, आपल्यासाठी वरची. दोन्ही माणसांनीच ठरवलेल्या. मी एवढी शिकले, पण यातली खरी कुठली ते मला सांगता येत नाही.

माझं ऐकशील? श्री. पण नको, कै. पण नको. काकांचं नावच गाळ. “श्रीमती सुंदरा यांची कन्या” असं छाप. पोरीला तू वाढवलंस. नाव तुझं असू दे.

तुझी,
माधवी


खालापूर
१४ एप्रिल २०२५

चि. माधवी,

तुझी सूचना लाखमोलाची, पण ती तिकडे चालते. इथे नुसतं माझं नाव छापलं तर मांडवात आलेली प्रत्येक बाई सोनालीला बाजूला घेऊन विचारील, “बाप कुठं गं तुजा?” श्री. असो की कै., छापलेलं असलं की लोक वाचतात आणि जेवायला बसतात. पोरीने बोहल्यावर उत्तरं देत बसू नये, एवढंच मला हवं आहे.

आता तुला खरं सांगते. कोणाला बोलू नकोस.

पहिल्या खेपेला गुरुजी म्हणाले, माणूस आहे, तेव्हा मला खूप आनंद झाला असं मी तुला लिहिलं. ते खोटं. मला धडकी भरली. शिळफाट्यापासून घरापर्यंत मी एकच विचार करत होते, हे आले तर बसवू कुठे? काय विचारू? एवढी वर्षं कुठे होता, असं विचारायचं म्हणजे उत्तरही ऐकावं लागणार. त्या दिवसापासून मी संध्याकाळी दाराला आतून कडी घालायला लागले. आधी कधी घालत नव्हते. सोनालीने विचारलं तर म्हटलं, कुत्री येतात.

आणि दुसऱ्या खेपेला गुरुजींनी चहा मागवला, तेव्हा मी घरी येऊन तांदळाच्या दोन भाकऱ्या सुकटीबरोबर खाल्ल्या आणि पोटभर झोपले. सकाळी उठून रडले. नवरा गेला म्हणून रडू आलं, की तो गेल्यावर मला झोप लागली म्हणून आलं, ते कळत नाही. दोन्ही असेल. तुझ्या त्या बाईचं उत्तर कापलं गेलं ते बरं झालं. तिला तरी कोणी सांगून काय कळणार होतं?

ग्रह डावीकडून वाचायचे की वरून, ते तुमचं तुम्ही बघा. मी काल शिळफाट्याला गेले आणि कै. छापा म्हणून सांगितलं. प्रेसवाला माझ्याकडे बघत राहिला. “पक्कं ना काकी?” मी म्हटलं, पक्कं. ह्यांचं नाव मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. ते तिथे कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं, पुढे कै. लावून. अक्षर चांगलं आलं.

भावजी खूश आहेत. म्हणाले, “आता कसं मोकलं वाटतंय.” मला नाही वाटत. मंगळसूत्र डब्यात ठेवलं, गळा हलका लागतो आणि हात सारखा तिथे जातो. हळदीला मला पुढे होता येणार नाही. पोरीला हळद सवाष्णींनी लावायची, म्हणून ती धाकटी जाऊ आवडी लावील. हे मी आधीच कबूल केलंय. जे छापलं त्याप्रमाणे वागायला नको का?

तू येणार नाहीस, माहीत आहे. रजा मिळत नाही, दादा म्हणाला.

तुझी आत्या


३० एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी ग्रंथालयाच्या पायरीवर बसून राहिले. बरोबर केलंस असं म्हणायला धीर होत नाही आणि चूक म्हणायला मला अधिकार नाही. तुझ्याच पोरीच्या हळदीला तू लांब उभी राहणार, या एका गोष्टीचा मला फार राग आलाय. कोणाचा, ते सांगता येत नाही. माझाच असेल. मी ते पान पाठवलं नसतं तर?

माझा अहेर आईकडे पाठवलाय. सोनालीला माझ्याकडून जवळ घे.

माधवी


खालापूर
१९ मे २०२५

चि. माधवीला आशीर्वाद.

लग्न चांगलं झालं. सोनाली नेरळला सासरी गेली. ऊन मरणाचं होतं, पण मांडवाला पंखे लावले होते आणि जेवणाला कोणी नाव ठेवलं नाही. हे झालं सगळ्यांना सांगायचं. आता तुला एकटीला सांगायचं ते.

हळदीच्या दिवशी दुपारी अंगणात बायका जमल्या. शेजारची अंबाबाई हळदीची गाणी म्हणत होती. सोनालीला पाटावर बसवलेलं, आवडी वाटी घेऊन समोर, आणि मी ओटीवर खांबाला टेकून उभी. कोणी मला बोलावलं नाही. नजरही कोणी वर केली नाही, त्यांचं चुकलं नाही. तेवढ्यात भावजींचा साईराज मोबाईल घेऊन आला. पत्रिकेवर नंबर त्याचाच छापलाय, आणि त्याने तिचा फोटो स्टेटसला लावला होता, तो कुठे कुठे गेला देव जाणे. म्हणाला, “काकी, तुमालाच मागतायत. कोन हाय म्हाईत नाय.”

मी घेतला. पलीकडून आवाज आला, “सुंदरा?”

ओळखायला वेळ लागला नाही. याचाच मला आधी राग आला.

“पत्रिका बगितली,” ते म्हणाले. “कैलासवासी लिवलंय.”

“व्हय,” मी म्हटलं.

“मी हाय गं. रेवदंड्याला हाय. बर्फाच्या कारखान्यात.”

माधवी, रेवदंडा! आपल्याच जिल्ह्यात. सकाळच्या एसटीने निघालं तर माणूस संध्याकाळी घरी परत येतो तिथून. मी मनात केवढे मुलूख धुंडाळले होते, आणि हे एवढ्या अंतरावर बर्फ फोडत होते. का गेलात, कोणाबरोबर गेलात, एवढे प्रश्न घोकून ठेवलेले, त्यातला एकही तोंडाशी आला नाही. मागे कसलंसं यंत्र घरघरत होतं, तेच ऐकत राहिले.

मग ते म्हणाले, “येऊ का?”

मी म्हटलं, “पत्रिका वाटून झाल्या.”

फोन कट झाला असं वाटलं. मग हळूच विचारलं, “पोरीला हलद लागली?”

“आता लागतेय.”

“बरं,” म्हणाले, आणि ठेवला.

साईराजला मी सांगितलं, गॅसवाल्याचा होता. त्याला ते खरं वाटलं की नाही कोण जाणे. मी तिथेच उभी. मांडवात समोर माझी पोर, आवडी तिच्या पायाला हळद लावत होती. मी सवाष्ण होते, हे त्या अख्ख्या अंगणात मला एकटीला ठाऊक होतं, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं. माझ्याच हाताने लिहून दिलेलं ना!

मग काय झालं ते मलाच नीट आठवत नाही. मी ओटी उतरले, बायकांतून वाट काढली आणि आवडीच्या हातातली वाटी घेतली. ती घाबरली. “ताई, अवो, तुमी नका. इपरीत व्हईल.” मी म्हटलं, “सर गं जरा. माजी पोर हाय ती.” दोन्ही हात हळदीत बुडवले आणि सोनालीच्या तोंडाला, मानेला, हातांना लावली, चांगली चोळून लावली. गाणं थांबलं होतं. एक पोर रडत होतं तेवढंच ऐकू येत होतं. सोनालीने माझं मनगट धरलं आणि सोडेचना. शेवटी अंबाबाईने पुढची ओळ उचलली, मग बाकीच्यांनी.

कुठल्या नात्याने लावली ते मला विचारू नकोस. सवाष्ण म्हणून लावली, विधवा म्हणून लावली, आई म्हणून लावली, माझं मलाच कळत नाही. भावजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आवडी मात्र रात्री येऊन म्हणाली, “बरं केलंत ताई.” तिलाही मी काही सांगितलं नाही. सोनालीला तर नाहीच. तूही सांगू नकोस. कधी सांगायचं का, ते मी ठरवीन. आज तरी ठरत नाही.

पत्रिका सोबत आहे. वरती गणपती छान छापलाय, नावं सगळी बरोबर आहेत.

साईराजच्या मोबाईलमधून तो नंबर मी एका चिठ्ठीवर उतरवून घेतला आहे. त्या नंबरवर फोन केलेला नाही. चिठ्ठी फाडलेली नाही. आणि संध्याकाळी दाराला कडी घालायला जाते, तेव्हा अर्ध्यातच हात थांबतो, आणि मी तशीच उभी राहते.

तुझी आत्या,
सुंदरा